मजकूर कळला

ता. ३ जुलै १८९३, सोमवार
सकाळी उठलो तो डोकं जड. वर्तमानपत्र उघडलं तर छापणाऱ्याने अशी गिचमिड केलेली की एक शब्द लागेना. छापखान्याला खरमरीत पत्र लिहिलं. झरझर लिहिलं, हात कुठे अडला नाही. पुन्हा वाचायला गेलो तर तेही गिचमिड. शाई पातळ असावी. ठाण्यात धड शाई मिळत नाही.
संकल्प: रोज तळपायांना एरंडेल.

ता. ५
उजवा खांदा दारावर आपटला. दार सरकलंय, असं हिला सांगितलं. ही म्हणाली, दार कसं सरकेल? बायकांना बांधकामातलं कळत नाही.
शाळेत तिसरीला धडा वाचून दाखवला. अठरा वर्षं हेडमास्तर आहे, पाठच आहे. पोरं हसली. धडा मागच्या पानावर होता म्हणे. चौघांना उठाबशा.

ता. ८, दुपारी
कल्याणहून कलावतीचं पत्र. पोरीच्या लग्नाला तीन वर्षं झाली; ही प्रत्येक पत्रात गोड बातमी शोधते. हिला वाचता येत नाही, म्हणून समोर येऊन बसली. अक्षर कलावतीचंच, एवढं ओळखलं. पुढे काही लागेना. सांगितलं, सगळे खुशाल, पाऊस बरा आहे. हिने विचारलं, आणखी काही नाही? नाही म्हटलं. उठून आत गेली.
उत्तर तेव्हाच लिहिलं: पत्र पावले, मजकूर कळला, सासरी आनंदाने राहावे.

ता. १९
बाळकुमच्या वैद्याने डोळ्यांत झणझणीत काहीतरी घातलं. डोळे निर्मळ आहेत म्हणाला. म्हणजे दोष अक्षरांचाच. लिहिता येतं त्याला वाचता न यायला काय झालं? कल्याणला गेलेली गाडी ठाण्याला परत येतेच ना?
संकल्प: रोज तळपायांना एरंडेल. आधी लिहिलं असेल तर असो. मागची पानं चाळणं मला आवडत नाही.

ता. २ ऑगस्ट
दुसरं पत्र. एके ठिकाणी शाई पसरली आहे. पाणी सांडलं असेल. विठ्ठल मास्तरांकडून वाचून घ्यावं असं क्षणभर वाटलं. पण मग उद्या शाळाभर होईल की हेडमास्तरला अक्षरओळख नाही. शिवाय घरचं पत्र परक्याने वाचू नये, हे मुख्य कारण.
हिला सांगितलं, खुशाल. उत्तर: मजकूर कळला, वडीलधाऱ्यांच्या आज्ञेत राहावे.
लिहिताना दोन कागद फाटले. हल्ली कागदही हलका येतो.

ता. २४
तिसरं पत्र. दोनच ओळी. एवढं थोडं का लिहिलं पोरीने? दिवसभरात चारदा खिशातून काढून पाहिलं. उत्तर लिहिलं नाही. भीती वाटते. कसली ते लिहीत नाही.

ता. १४ सप्टेंबर
हौसाबाई भाजीवाली कल्याणच्या बाजाराला गेलेली. टोपली उतरवता उतरवता हिला म्हणाली, अवो काकू, पोरीला आठवा लागला, नि तुमच्यातलं कोन कसं नाय गेलं आनायला? पोर वाटेकडं डोले लावून बसलीय.
पहिलं बाळंतपण माहेरी. माहेरचं माणूस न्यायला गेल्याशिवाय सासरचे पाठवत नाहीत. आणि एकदा आठवा लागला की प्रवास नाही. हे मला कुणी शिकवायला नको.
मी म्हणालो, पत्रात तसं काही नव्हतं. ही म्हणाली, तीन पत्रं आली होती. एवढंच. लुगडं बदललं आणि हौसाबाईच्या सोबतीने कल्याणला गेली. तुम्हीही चला, असं मला म्हणाली नाही.

ता. १५
शाळेत गेलो नाही. तिन्ही पत्रं पुढ्यात घेऊन बसलो. नव्याने आलेली पोरं धूळपाटीवर गिरवतात तसं बोट पहिल्या अक्षरावरून फिरवून पाहिलं. डोळ्यांना कळेना ते बोटाला कळलं. त. पुढे काना. दोनदा चुकलो, पुन्हा पहिल्यापासून. दिवे लागेपर्यंत पहिल्या पत्राची एक ओळ झाली:
तात्या, मला पाचवा महिना आहे, गेल्या साली जाऊबाई इथेच बाळंतपणात गेल्या, मला लवकर न्या.
ही ओळ घरात दोन महिने होती.
मला वाचता येत नाही. हे आज लिहिलं. तसंच लिहिलं गेलं आहे का, ते बोट फिरवून पाहिलं. तसंच आहे.