तुमच्या अँप्लिफायरचा भुंगा गप्प झाला

अहो,

काल दुपारी देवळात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घास गिळवेना, म्हणून सकाळीच वही घेऊन बसले. जिंकले मी! तुमच्या अँप्लिफायरची घूंघूं बंद झाली. साफ बंद! तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं, आणि बारा वर्षांत तुम्हाला जमलं नाही ते तुमच्या बायकोने केलं. रागावताय? रागवा खुशाल.

गाव त्याला काय म्हणायचं ते तुम्हाला ठाऊक आहेच. भुंगा! डोलवीला कंपनीत शिफ्ट करून यायचात आणि चहा निवेपर्यंत ओटीवर तो खोका उघडून बसायचात. पेणहून कपॅसिटर आणले, रोह्याहून ट्रान्सफॉर्मर आणला, आतलं सगळं बदललंत. भुंगा तो भुंगाच. सप्ताहात बाळारामबुवांनी अभंग धरायच्या आधी हाच सूर लावायचा. मंडळी हसायची, तुम्ही मान खाली घालायचात. एकेकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटायची मला.

यंदा सप्ताह जवळ आला तसे दत्ताभावोजी घरी आले. भाऊ तुमचा धाकटा, पण आता मंडळाचा अध्यक्ष ना! म्हणाले, "वयनी, तो भुंगा भंगारात घालूया आता. रोह्यावरनं तयार मशीन आणतो."

तुमच्या हातची ती एकच वस्तू गावात उरली आहे, आणि ती भंगारवाल्याच्या गाडीवर जाणार? मी म्हटलं, "सप्ताहाला चार दिवस हायत. तवर त्याला हात लावायचा नाय!"

"म्हंजे तुम्ही दुरुस्त करणार?" असं विचारून हसले हो ते!

हसेनात का. बारा वर्षं तुमच्या डोक्यावर टॉर्च धरून कोण उभं होतं? कुठली तार कुठे जाते ते मला तोंडपाठ आहे.

आधी अँप्लिफायरला आपला टेपरेकॉर्डर जोडला. आवाज कसा, स्वच्छ! मग देवापुढचा तो छोटा डबा, ज्यात माईक जोडतो, तो घरी आणून तपासला. तोही स्वच्छ. पण देवळात दोघांना त्या लांब तारेने जोडलं, की झाला भुंगा सुरू. म्हणजे खोट ना याच्यात ना त्याच्यात. मग दोघांच्या मध्ये आहे तरी काय? दोन दिवस डोकं फुटायची वेळ आली.

आणि पाण्याचा हंडा भरताना एकदम लख्ख आठवलं. पहिल्याच सप्ताहात बुवांच्या ओठाला माईकचा शॉक बसला होता ना? तेव्हा तुम्ही अर्थिंगचा खड्डा करायला घेतलात. त्यात कोळसा आणि मीठ घालायचं. आपलं गाव मिठागरावरचं, मिठाला काय तोटा! पण वरची आळी म्हणाली मीठ आमचं पडणार, खालची म्हणाली आमचं. आणि तुम्हाला कुणाचं मन मोडता आलंय कधी? केलेत दोन खड्डे! अँप्लिफायरला वरच्या आळीचा, माईकच्या डब्याला खालच्या आळीचा. दर शनिवारी दोन्हींत हंडाभर पाणी ओतायचं काम माझं. मी तुम्हाला सांगितलंही होतं, "अहो, पाणी घातलं की हा जास्त ओरडतो, आणि वैशाखात खड्डे सुकले की कमी." तुम्ही काय म्हणालात? "तू पाणी घाल गो, आवाजाचं मी बघतो."

बघितलंत! मनगट धरून तुम्हाला त्या खड्ड्यापाशी का नेलं नाही मी? या एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. एकदा तरी तुमच्या कानांना तो स्वच्छ आवाज मिळाला असता.

तर काल दुपारी मी दोन्ही खड्डे भिजवले. भुंगा नुसता चवताळला! माईकला कुणाला हात लावू दिला नाही आणि डब्याकडून खालच्या खड्ड्यात जाणारी तार सोडली. चिडीचूप! दोन खड्ड्यांत विजेचा जरासा फरक असतो, आणि तो आपल्या माईकच्या तारेतून वाट काढत होता. अर्थिंग जितकं चांगलं, तितका भुंगा मोठा. मग डब्यालाही जाड तार टाकून वरच्याच खड्ड्याशी जोडलं. टेस्टर लावून पाहिला. शॉकची भीती नाही.

खालची आळी भांडायला आली. येणारच! "आमचाच खड्डा का बंद?" मी घमेलं उचललं, त्यांच्या खड्ड्यातलं मीठ काढून वरच्या खड्ड्यात ओतलं आणि म्हटलं, "दोन्ही आळ्यांचं मीठ एका जागी. आता बोला!"

तेवढ्यात भावोजी आले. कान लावून म्हणाले, "मशीन बंदच हाय ना?" मी त्याचा पेटलेला लाल दिवा दाखवला. मग म्हणाले, "बोला की वयनी माईकात. कायतरी बोला."

काय बोलू? तीस वर्षांच्या संसारात तुमचं नाव मी घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही पदराआड. काल मात्र भरल्या देवळात माईक हातात धरला आणि म्हटलं, "मधुकर. हा अँप्लिफायर मधुकरांनी केलाय." अहो, पार गडब गावाच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं! बाळारामबुवांनी टाळ वाजवला. भावोजी खांबाला टेकून लहान मुलासारखे रडले, आणि मी हसत होते.

कासूच्या भजनी मंडळाचा आज सकाळीच निरोप आलाय, त्यांना असाच एक हवा आहे. मी हो म्हणून बसले आहे. तुम्हाला शब्द देते, तो सगळा माझ्या हाताने करीन, आणि त्याच्या पुढच्या पट्टीवर माझं नाव घालीन. तुमचं नाव मी आता तोंडाने घेणार, रोज.

तुमची,
सुमन