खुंटीवरची माळ

मंगळवार, दिवेलागण

पुन्हा त्या माळेकडंच नजर जायलीय.

आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, कावीळ झाली तेव्हा पूर्ण्याहून झाडाच्या मुळ्यांची माळ मीच आणली. डोक्यावर ठेवायची, एवढीशी. ती वाढत खाली आली की कावीळ उतरते म्हणतात. खायला फुटाणे आणि उसाचा रस, दुसरं काही दिलं न्हाई.

"दवाखान्यात नेतीस का गं? पोटात लय दुखायलंय," आक्का म्हणाली.

"माळ बघ की, छातीपर्यंत आलीय. बरी व्हायलीस तू."

हसून बोलले मी. हसून!

तिसऱ्या दिवशी आक्का गेली.

माळ टाकवेना, म्हणून खुंटीला अडकवली. तेव्हा ती कॅलेंडरच्या खालच्या कडेला टेकत होती. आज पाहिलं, चार बोटं आणखी खाली आलीय.

कुणाच्याच गळ्यात नसताना वाढायलीय.