सरावातली पोर

मंगळवार, दिवेलागण

नात सायली शिक्षिका व्हायला शिकतेय, बिबवेवाडीच्या शाळेत पहिलीवर पाठ घेते. घरी सराव करते तेव्हा पोरं मीच होते. दुसरीत सुटलेली शाळा या वयात मिळाली गं बाई! काल मी दोन वेण्यांची पोर झाले न् विचारलं, "बाई, पुसलेले आकडे कुठं जातात?"

आज सायली हसतच आली. "आजी, आज वर्गात एकीनं अगदी हेच विचारलं! वेण्याही दोनच."

मीही हसले, मग अंगावर काटाच आला. काल पुढं मी खोटं रडून म्हणाले होते, "आई न्यायला येणार नाही."

"तिला न्यायला कोण आलं?"

"शेजारीण. का गं?"

 आता सायली सरावाला हाक मारतेय. तीच पोर होईन, न् म्हणेन, आई केव्हाची दारात उभी आहे.