रविवारची साक्ष

बंगलोर,
१० ऑगस्ट १९९४

प्रिय पप्पा,

तुम्हांला आणि मम्मीला सप्रेम सलाम. आम्ही दोघं सुखरूप आहोत. इथली हवा छान, पंखासुद्धा लागत नाही. मम्मीचा काळा मसाला पोचला.

सेमिनरीत शंतनूंची परीक्षा झाली. यांचं ग्रीक कच्चं, म्हणून पाठ म्हणवून घ्यायला मीच बसायचे. शेवटी क्रियापदं पाठ झाली ती मला! हसाल तुम्ही. विद्यार्थ्यांच्या बायकांचाही एक वर्ग असतो. त्यात मल्लाप्पा सरांनी ‘पत्नींनो, पतीच्या अधीन असा’ या वचनातलं ‘हुपोतास्सो’ हे ग्रीक क्रियापद शिकवलं. अधीन होणं. मूळचा सैन्यातला शब्द, हाताखाली रांगेत उभं करणं. पण पत्नीविषयी तो येतो तेव्हा अर्थ असा, की तिने आपण होऊन स्वतःला खाली ठेवायचं. दुसऱ्याने तिला दाबायचं नाही. आणि त्याच्या आधीच सांगितलंय, की सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन व्हावं.

मी घरी येऊन हे उत्साहाने सांगितलं. वाटलं, यांना प्रवचनात उपयोगी पडेल.

पप्पा, अक्षर वाकडं आलंय, कारण उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत. दारात सापडली, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरंच आहे. दार यांनी लावलं. ठणका आता कमी आहे.

पुढच्या रविवारी, एकवीस तारखेला, मराठी उपासनेत यांचं याच वचनावर प्रवचन आहे. इथल्या रीतीप्रमाणे त्यानंतर बायकोने उभं राहून, ते वचन आपण घरात कसं पाळतो, याची साक्ष द्यायची. माझी साक्ष यांनीच तयार केलीय, रोज जेवणाआधी म्हणवून घेतात. चुकलं की माझं ताट उचलतात. मला फार भीती वाटते. जिन्यात चपला वाजल्या की हा कागद लपवते.

ती साक्ष मी देणार नाही. उभी राहीन आणि बोटं दाखवीन. मग या घरात मला परतता येणार नाही.

माझं लग्न लावताना तुम्हीही याच वचनावर बोलला होतात, म्हणून विचारते. मला घरी घ्याल? उत्तर माझ्या नावाने नको, माझी पत्रं आधी हेच फोडतात. शेजारच्या वसुमतीअक्कांच्या नावाने लिहा. हे पत्रही अक्काच पेटीत टाकणार आहेत. “स्वल्प धीर धर गं,” म्हणतात, पण त्याही घाबरल्यात.

नेहमीसारखं ‘आपली आज्ञाधारक’ लिहायला घेतलं होतं. आज लिहवत नाही.

अजून तुमचीच ना,
आसावरी