डॉक्टरांनी न सांगितलेले सहा महिने

तीर्थस्वरूप आत्याबाई,

भिसेगावाहून नंदाचा साष्टांग नमस्कार.

काल किराणा आला. तांदूळ पाच किलो, तीनशे. साखर दोन किलो, नव्वद. चहापूड पाव किलो, एकशे तीस. वहीत चहापूड लिहिताना हात थांबला आणि मी मागची पानं चाळली. माझ्या आजारपणाआधी आपल्याला महिन्याला अर्धा किलो लागायची. मी इस्पितळातून घरी आले त्या महिन्यापासून पाव किलो. पाहुणे येईनासे झाले म्हणून वाचली, असं मी समजत होते. खूशही झाले होते!

खरं कारण परवा शेजारच्या रेहानाभाभींनी सांगितलं. म्हणून हे पत्र.

रक्ताचा कॅन्सर म्हटल्यावर घरातले सगळे गप्प झाले होते. तुम्ही तेवढ्या बोललात. "नंदे, तुज्या भावाच्या पेशी घालनार हायत ना तुला? मग जप गं बाय, तो लय भांडखोर हाय, तू बी तशीच व्हशील!" त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले होते.

पेशी घातल्या, अंगात रुजल्या, देवीनं मला परत पाठवलं. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून सहा महिने पुढच्या खोलीत मी एकटी. आत फक्त तुमचा लेक येणार, तोही मास्क लावून. माझं पाणी तुम्ही उकळायचात, भांडी तुम्ही वाफवायचात, ताट झाकून उंबऱ्याशी ठेवायचात आणि पडवीत जाऊन खिडकीतून बोलायचात. "डॉक्टर हाय का फौजदार? माज्या सुनेला भेटाया मला आता वारंट आनाया लागंल!"

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. तुमचा लेक खाली औषधांच्या रांगेत होता. डॉक्टर मला म्हणाले, "आता घरच्यांबरोबर बसा, जेवा. फक्त कुणाला सर्दीताप असेल तर लांब राहा."

मी खाली आले आणि त्यांना सांगितलं, "अजून सहा महिने."

का सांगितलं? किती वेळा विचारलंय स्वतःला! पहिले दोन दिवस पुन्हा आजारी पडायची भीती होती, हे खरं. पण नंतर नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला सकाळी कुणी हाक मारत नव्हतं. दार लावून पोथी वाचायला मिळत होती. बाहेर तुम्ही सत्तरीच्या वयात भाकऱ्या थापत होतात आणि मी आत देवाचं नाव घेत होते. खोटं बोललेल्या त्याच तोंडानं! लाज कशी वाटली नाही मला?

आणि तुम्ही तरी एकदा दार ढकलून आत का नाही आलात? एरवी कुणाचं ऐकायचात का? त्या एका बाबतीत माझा शब्द कशाला पाळलात?

त्या खोट्या सहा महिन्यांतल्या पाचव्या महिन्यात तुम्ही झोपेतच गेलात. मी धावत येऊन तुमच्या पायांवर डोकं ठेवलं, तर तुमच्या लेकानं मला दंडाला धरून मागे ओढलं. "नंदा, नको! डॉक्टरांनी नाही म्हटलंय ना?" सगळ्यांसमोर. मी मागे सरले. त्यांना अजूनही तेच खरं वाटतं.

परवा भाभी म्हणाल्या, "अम्माला किती आग्रह करायची मी, घोटभर तरी घ्या. पण नाही." तुम्ही पळसदरीच्या तुमच्या गावदेवीला नवस बोलला होतात म्हणे, की सून शेजारी बसून जेवेल आणि तुमच्या हातून ओटी भरून घेईल, तोवर चहा नाही. भाभींनी चिडवलं, तर म्हणालात, "चहा सोडलाय गं, जीब नाय सोडली."

पहिले सहा महिने सोडा, पण पुढचे पाच महिने, आत्याबाई! माझ्या एका वाक्यापायी. आणि एवढं असून मला एका शब्दानं कळू दिलं नाहीत.

तुमचा नवस मी फेडू शकत नाही. त्याला तुमचेच हात हवेत. पण एक वचन देते. आज संध्याकाळी तुमचा लेक मोहोपाड्याहून कामावरून आला, की बूट काढायच्या आत त्यांना सगळं सांगेन. भीती वाटते. आईच्या बाबतीत ते मला क्षमा करतील असं नाही, आणि करावी असं मी म्हणणारही नाही. पण तुमच्या पायांवरून मला ओढलं ते डॉक्टरांच्या शब्दावरून नव्हे, माझ्या शब्दावरून, हे त्यांना कळायला हवं.

तुम्हांला लिहिता येत नाही. माहेरी धाडायची तुमची पत्रं मीच लिहून द्यायची, आणि तुमच्या शिव्या हळूच गाळायची. आता तिथे कुणी लिहिणारं भेटलं तर त्याला बजावा, एकही गाळू नकोस म्हणून. मी सगळ्या वाचीन. उलट टपाली कळवा.

तुमची अपराधी सून,
नंदा