चिंबोरी आडवी आली

४ नोव्हेंबर. सकाळ.
आज नऊ वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे लागेल.
मनस्वी गेटवर चिंबोरीला चपाती घालत होती. मनस्वी बी-विंगमधली, मूळ उरणजवळच्या मोऱ्याची, कोळ्यांची. चिंबोरी ही आमच्या सोसायटीची कुत्री. मागचा पाय वाकडा असल्यामुळे खेकड्यासारखी तिरकी चालते, म्हणून मनस्वीनेच ठेवलेलं नाव. मी गेटमधून जात होतो. (रोज जातो. योगायोग.) मनस्वीने वर बघितलं आणि तिच्या कानापाशी एक ठिणगी पडली. ठिणगीची रेघ झाली, रेघेला करवतीसारखे दाते फुटले, आणि ते सगळं चमचमत, थरथरत मोठं होत गेलं. तिचा अर्धा चेहरा त्यात नाहीसा झाला. उरलेल्या अर्ध्याने विचारलं, यशराज, बरा आहेस ना. म्हटलं, एकदम.
प्रेमात चांदण्या दिसतात असं लोक नुसतं बोलतात. मला दिसल्या.

दुपारी ३. डोक्याची डावी बाजू फुटतेय. उलटी झाली. काल माझा दोस्त हितेशने चारलेली चायनीज भेळ. हितेशशी बोलणं बंद.

संध्याकाळी ७. आई म्हणते दार हळू लावत जा, माझी अर्धशिशी उठलीय. म्हटलं मी हळूच लावतो, दारच जड आहे. तिने डोक्याला ओढणी घट्ट बांधली आणि आतल्या खोलीत अंधार करून पडली. तिचं हे नेहमीचंच.

७ नोव्हेंबर.
आजपासून शिस्त. सकाळचा नाश्ता बंद, म्हणजे पोट आत जाईल. फोर्कलिफ्टचं लायसन काढायचं, उरणला कंटेनर यार्डात लागायचं. मग मनस्वीला सांगायचं, डिसेंबर उजाडायच्या आत. आणि राग अजिबात नाही.
कॉलेज सोडल्याचं मला वाईट वाटत नाही. तो तत्त्वाचा प्रश्न होता. एस.वाय.च्या अकाउंट्सच्या पेपरात प्रश्नपत्रिकेची डावी बाजू छापलेलीच नव्हती. सुपरवायझर म्हणे, छापलीय, नीट बघ. मला आंधळा म्हणतो. मी पेपर टरकावला आणि निघून आलो. वर्गाचं दारही आपटलं, पण ते वाऱ्याने.
(पेपर तसा डिफेक्टिव्ह होता तर बाकीची पोरं काय लिहीत होती, हे तेव्हा सुचलं नाही.)

११ नोव्हेंबर.
आज लिहायचं नव्हतं.
आप्पांना मार्केटला सोडायला निघालो. आप्पा, म्हणजे माझे वडील, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत, पाठीवर गोणी घेतात. सकाळी सातची वेळ. पोटात काही नव्हतं, शिस्त. गेटबाहेर पडलो आणि ठिणगी आली. मनस्वी आसपास नसताना. हे विचित्र वाटलं, पण प्रेमाला काय. स्कूटर थांबवायला हवी होती. थांबवली नाही, कारण आप्पांना उशीर झाला असता. वळणावर डावीकडचं सगळं नाहीसं झालं. त्या सगळ्यात लाइटचा खांब होता.
आप्पांचं उजवं मनगट मोडलं. मला खरचटलंसुद्धा नाही.
लोक जमले. काय झालं, काय झालं. मी म्हणालो कुत्रं आडवं आलं. सगळ्यांनी माना हलवल्या. किती सोपं वाक्य आहे ते.
संध्याकाळी आमचे चेअरमन उदयसिंहकाका बघायला आले. विचारलं, कुठलं कुत्रं रे. मी खिडकीतून खाली बघितलं. खाली एकच कुत्रं होतं.

१२ नोव्हेंबर.
आप्पा डाव्या हाताने जेवतात. भात सांडतो. मी टीव्हीकडे बघत जेवलो.
उद्या खरं सांगणार.

१३ नोव्हेंबर.
आप्पांचा मूड नव्हता. (मूड चांगला होता. मला बघून हसले. म्हणून सांगता आलं नाही.)

१५ नोव्हेंबर.
मोठी बातमी. यार्डातल्या मेडिकलआधी आपलं आपण तपासून घ्यावं म्हणून नेरूळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. ठिणगीचं सांगितलं, मनस्वीचं गाळून. डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळे उत्तम आहेत, हा ऑरा आहे.
ऑरा. डॉक्टरच्या तोंडून. रीलवर पोरं ऑरा म्हणजे रुबाबाचे पॉइंट मोजत मरतात, आमचा मेडिकली सिद्ध झाला.
बाई पुढे बरंच बोलल्या. वेळेवर खा, झोप, पाणी पी. ऑरा आला की जिथे असशील तिथे बस, वीस-तीस मिनिटांत जातो, तोवर गाडीला हात लावायचा नाही. मेंदूच्या डॉक्टरला दाखव. कधी आला, त्याआधी काय खाल्लं, किती झोपलास, सगळं तारीखवार लिही आणि ती वही घेऊन ये. म्हटलं, वही आहेच. मग आठवलं वहीत काय काय आहे.
आधी कधी झालंय का, विचारलं. म्हटलं, नाही.
हितेशशी बोलणं सुरू केलं, कुणाला तरी सांगायला हवं होतं. तो म्हणाला, भाई, प्लस हजार ऑरा.

१६ नोव्हेंबर. दुपार.
चिठ्ठीवर 'मायग्रेन विथ ऑरा' लिहिलंय. विथ. म्हणजे ऑरा हा मायग्रेनसोबत येतो, माझ्यासोबत नाही.
फोनवर तासभर वाचलं. मेंदूवरून एक लाट हळूहळू सरकते म्हणे, आणि ती सरकते तसं समोरचं झाकत जातं. मग आईला विचारलं, मायग्रेन म्हणजे काय गं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, अर्धशिशी की रे. माझ्या डोळ्यापुढं पण आधी करवत फिरती. लग्नाआधीपासनं.
करवत. माझाच शब्द. मी वहीत लिहिलेला.
मी विचारलं, कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, कुणी विचारलं का.
मग तिने विचारलं, येशा, गाडीवर होतास तवा आलती का करवत. मी म्हटलं, काहीतरीच, कुत्रं आडवं आलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मेथीच्या काड्या हातात तशाच. मला राग आला. बाहेर पडलो. दार आपटलं. आपटलं म्हणजे मी आपटलं. आतून भांड्याचा आवाज आला नाही, काही नाही. तिने डोकं धरलं असणार.

रात्री ८. अकाउंट्सचा पेपर पूर्ण छापलेला होता. सुपरवायझर बरोबर होता.
एवढंच.

२० नोव्हेंबर.
बोर्डवर नोटीस. रविवारी सकाळी अकराला मीटिंग. विषय: श्वानाचा बंदोबस्त. सोमवारी टेम्पोत घालून खाडीपलीकडे सोडून यायचं असं ठरतंय. नोटिशीत माझं नाव आहे, 'श्री. यशराज यांच्या दुर्दैवी अपघाताच्या अनुषंगाने'. पहिल्यांदाच कुणीतरी श्री. लावलं.
मनस्वीने जिन्यात गाठलं. एरवी ती आमच्यासारखंच बोलते, चिडली की मोऱ्याची होते. म्हणाली, चिंबोरी गरीब हाय, ती कोनाच्या आड नाय येत, तिला लवकर पलताच येत नाय. तू खरं बघितलास?
माझ्याशी ती पहिल्यांदाच इतकं सलग बोलली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरम वाटली. म्हटलं, मीटिंगमध्ये बोलतो.
भाषण तयार. फक्त चार शब्दांचं: चिंबोरी आडवी आली नव्हती. मग मायग्रेन समजावून सांगायचं. मग सगळे गप्प. मग मनस्वी माझ्याकडे बघेल. यार्डाची नोकरी गेली तर गेली.

२३ नोव्हेंबर. दुपार. उजवा हात आत्ता कुठे चालतोय.
घाबरून झोपलो नव्हतो. घाबरून नाश्ताही नाही. डॉक्टरबाईंनी नको म्हटलेलं सगळं ओळीने केलं.
क्लब हाउसमध्ये तीसेक माणसं. आप्पा पुढच्या खुर्चीत, हात गळ्यात. काका म्हणाले, आता यशराज स्वतः सांगेल. उभा राहिलो आणि ठिणगी. म्हटलं हरकत नाही, दिसलं नाही तरी बोलता येतं. मग बोटांना मुंग्या आल्या. मुंग्या हातातून ओठांवर आल्या. मग जीभ दुसऱ्याची झाली. शब्द समोर दिसत होते, पण पोचत नव्हते.
चिंबोरी, म्हणालो.
आडवी, म्हणालो.
आली, म्हणालो.
आणि 'नव्हती' येईना. न, न, न, एवढंच. आपल्या भाषेत नकार शेवटी का ठेवलाय कुणास ठाऊक. आधी ठेवला असता तर एक जीव वाचला असता.
काका म्हणाले, बघा, पोरगं अजून सावरलेलं नाही. कुणीतरी पाणी दिलं. मागून बायका च्च च्च करत होत्या. ठराव एका मताविरुद्ध मंजूर. ते एक मत मनस्वीचं. ती माझ्याकडे बघत होती, अगदी मी ठरवलं होतं तसं. मला तिचा अर्धाच चेहरा दिसला. अर्धाही पुरेसा होता.

२४ नोव्हेंबर.
टेम्पो आला. चिंबोरी नव्हती. मनस्वी तिला पहाटेच मोऱ्याला घेऊन गेली, तिच्या बायजाआत्याकडे. तिथे जेट्टीवर दहा कुत्री आहेत, पळणारी. आणि ही तिरकी.
आप्पांसमोर बसलो. त्यांच्या मनगटाकडे बोट दाखवून, अडखळत, सगळं सांगितलं. यावेळी ऑरा नव्हता, तरी अडखळलो. आप्पांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मी मागंच बसलो हुतो की. कुत्रं न्हवतं न् मांजार बी न्हवतं.
मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत. म्हणाले, तू कवा बोलतोस बघत हुतो. लय दिस लावलंस.
मग डावा हात पुढे केला. मला वाटलं पाठीवर ठेवतील. स्कूटरची चावी मागत होते.

२५ नोव्हेंबर.
सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. 'नव्हती आली चिंबोरी आडवी. मला खांब दिसला नाही. मला अर्धशिशी आहे, तिच्यात मला अर्धं जग दिसत नाही. मीटिंगमध्ये हेच सांगायचं होतं, पण जीभ चालली नाही. चूक माझी.' 'नव्हती' मुद्दाम आधी घातलं, पुन्हा राहायला नको.
काकांचे जोडलेले हात. पाचजणांचे लवकर बरे व्हा, फुलांसकट. कुणाचा तरी पार्किंगचा प्रश्न. हितेशचा वेगळा मेसेज: मायनस दहा हजार.
मनस्वीने वाचलं. निळ्या खुणा आल्या. बाकी काही नाही.

२७ नोव्हेंबर.
यार्डाला कळवलं. म्हणाले, मेंदूच्या डॉक्टरचं पत्र आणा, मग बघू. म्हणजे नाहीच.
रात्रीचं जेवण होताना मनस्वीचा मेसेज. मी उडालो. 'चिंबोरी खात नाय. येऊन तिला सांग.'
तिला. मला वाटलं होतं, मला बोलावतेय.

२९ नोव्हेंबर. सकाळ.
पोहे खाल्ले. झोप सात तास. पाणी प्यायलो. तरी दहा वाजून दहा मिनिटांनी ठिणगी आली. शहाण्यासारखं वागलं की येत नाही, असं काही नसतं.
घाई होती, नेरूळला उरणची गाडी धरायची होती. तरी थांबलो. आईच्या खोलीत अंधार होता. तिचीही सकाळपासून उठलीय. तिच्याजवळ खाली बसलो. म्हटलं, करवत. ती म्हणाली, हूं. वीस मिनिटं दोघं अंधारात तशीच बसलो. इतकी वर्षं ती इथे एकटी बसायची आणि बाहेर मी दार आपटायचो.

१०.४०. रेघ गेली. डॉक्टरबाईंनी दिलेली गोळी घेतली. आई झोपलीय. वही पिशवीत टाकतो, परतताना मेंदूच्या डॉक्टरकडे द्यायची, पहिल्या पानासकट. चिंबोरीसाठी चार चपात्या. तिला काय सांगायचं ते पाठ आहे, चार शब्द.

१०.४५. जिन्यात उभं राहून लिहितोय. दार लावलं. आधी हँडल फिरवून, मग इंच-इंच ओढून, अजिबात आवाज न करता. आयुष्यात पहिल्यांदा.
किल्ली आत राहिली.
बेल वाजवणार नाही.