सिनेमातल्या बापाला एकच लेकरू

३ ऑगस्ट, रवि. चिटगुप्पा
वर्षावासात दर रविवारी विहारात ग्रंथवाचन असतं. आज त्याऐवजी पडद्यावर सिनेमा. साऊंड अर्थातच आपल्या लाऊडस्पीकरच्या दुकानाचा. हमाल बाप, बिनआईचं पोर, पोर शेवटी मोठा साहेब. बाया रडल्या, गडी खोकत बसले. दिवे लागताच कमिटीचे कांबळे गुरुजी माईकवरच म्हणाले, "ह्यो पिच्चर आपल्या अप्पाचाच हाय की! पुढच्या रविवारी अप्पाच बोलतील त्याच्यावर." टाळ्या. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

५ ऑग.
धाकट्या लेकानं, मिलिंदनं, हैदराबादहून सिनेमा मोबाईलवर पाठवला. भाषणासाठी पुन्हा लावला. डोळे मिटून ऐकलं की लबाडी कळते. गोणी पडते तो आवाज भुसकटाचा. तुरीची गोणी अशी पडत न्हाई. वर ओझं पाठीवर अन् बाप पोराशी गप्पा मारायलाय! मी अडतीत अकरा वर्षं हमाली केली. ओझ्याखाली माणूस श्वास सांभाळतो, बोलत नाही. चांगला मुद्दा. हशा येईल.

७ ऑग.
तिसऱ्यांदा पाहिला. उपाशी बाप "माझं झालंय" म्हणत ताट सरकवतो. ठीक, तसं होतं. खरी लबाडी दुसरीच. त्या बापाला एकच लेकरू दिलंय. दोन असती तर एकाला शाळेत धाडताना दुसऱ्याचं काय केलं, ते दाखवावं लागलं असतं.
माझी दोन. हमाली करत लाऊडस्पीकरचं दुकान टाकलं, दिवसा दुकानात बसायला माणूस नव्हतं. थोरली नंदा आठवीत होती. काढली शाळेतून. वायरी जोडायला माझ्याहून सफाईदार झाली. मिलिंद शिकला, इंजिनियर. नंदा मुडबीला दिली, तिथं दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते.
बायकोला म्हणालो, हे सांगू का रविवारी?
"आधी नंदाला इचारा की."
फोन लावला. "रविवारी ये, माझं भाषण हाय," एवढंच निघालं तोंडातून.

१० ऑग., रवि.
आली. मागं बायांत बसली. गोणीच्या आवाजावर हशा झाला. मग एक लेकरू, दोन लेकरं, सगळं सांगितलं. म्हणालो, "माझ्या नंदानं त्याग केला म्हणून हे घर उभं हाय." बोट दाखवलं. सगळी वळून तिच्याकडं बघायला लागली. टाळ्या. गुरुजींनी फुलं पुढं केली, तिनं घेतली नाहीत. उठली.
दाराशी गाठली. "कामून निघालीस? जेवून जा."
"त्याग आपल्या मनानं करत्यात, अप्पा. मला कुणी इचारलं व्हतं का? दप्तर काढून घेतलं अन् दुकानाची किल्ली दिली हातात."
"चुकलं बाई. तेच तर सांगायलो..."
"मला कुठं सांगायलाव? माईकला सांगितलं. आजबी मला न्हाई इचारलं."
चपलाही नीट घातल्या नाहीत. गेली.

११ ऑग.
गुरुजी दुकानात आले. "अप्पा, समद्यास्नी रडवलं की काल! बसवकल्याणच्या विहारातबी ठेवू हे भाषण."
नको म्हणालो.
"कामून?"
चहा सांगितला त्यांना.

१३ ऑग.
मिलिंदचा फोन. "व्हिडिओ पाहिला अप्पा, छान बोललात. अक्का खूश असेल."
किती शिकवलं ह्याला.

१६ ऑग.
नंदा फोन उचलत नाही. मुडबीला जावं म्हणतो. बायको म्हणते, "आता तिथं चार माणसांत बोलू नका म्हणजे झालं." गेलो नाही.

१९ ऑग.
उचलला. मागं बायांची बडबड, खुरप्यांचा आवाज.
"बरी हायस का?"
"रानात हाय. बोला."
बोलायचं काय? शाळा सुटली त्याला तीस वर्षं होऊन गेली. आता काय विचारलं म्हणजे विचारल्यासारखं होईल? चुकलं, हे तर त्या रविवारी म्हणून झालं. "पाऊस हाय का तिकडं?" म्हणालो.
"हाय."
तिनं फोन ठेवला नाही. मी बी नाही. नंदा, तुला शिकायचं होतं का, असं तोंडाशी आलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "ठिवते अप्पा. मालक बघायलाय."
पुन्हा लावू का, हेसुद्धा विचारायचं राहिलं.